आधी हात, मग पिस्तूल

"सगळ्यात भारी पिस्तूल कोणतं हो, मॅडम?" पोलीस दलात फायरिंग शिकवणाऱ्या बाईला हा प्रश्न लग्नाच्या पंगतीपासून पालकसभेपर्यंत कुठेही गाठतो. विचारणाऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. कुणी सिनेमात ग्लॉक पाहिलेलं असतं. कुणाच्या वडिलांकडे परवान्याचं ३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर असतं आणि त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही, अशी घरात सगळ्यांची श्रद्धा असते. पॅरिस ऑलिंपिकनंतर तर शाळकरी मुलींचे आईवडील मोरिनी, स्टायर, पार्डिनी ही पिस्तूल कंपन्यांची नावं तोंडपाठ करून येतात. मी हा प्रश्न हसण्यावारी नेत नाही. त्याचं उत्तर चुकलं तर खेळात पदक जातं आणि कामावर जीव जातो.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. खेळाचं पिस्तूल सर्वांत तयार हातासाठी घडवतात. सेवेतलं पिस्तूल निवडताना मात्र दलातल्या सर्वांत कमी सराव झालेल्या हाताचा विचार व्हायला हवा. दोन्हींना आपण पिस्तूलच म्हणतो, पण त्यांच्याकडून असलेल्या मागण्या उलट्या टोकांच्या आहेत. मी दोन्हीकडे काम केलं आहे. आधी पोलिसांच्या क्रीडा संघातून २५ मीटर पिस्तूल खेळले, मग शिकाऊ शिपायांना .३८ रिव्हॉल्व्हर आणि ९ मिमी पिस्तूल शिकवू लागले. त्यामुळे एका प्रकारच्या कौतुकात दुसऱ्याला नावं ठेवणं मला पटत नाही.

एका मिलिमीटरचा हिशेब

हातात धरायच्या हत्यारांत पिस्तूल हे नेमासाठी सर्वांत अवघड. रायफलीला खांद्याचा, गालाचा आणि दोन्ही हातांचा आधार मिळतो. पिस्तुलाचा सगळा भार मनगटावर. पुढची फोरसाइट आणि मागची बॅकसाइट यांतलं अंतरही बेताचंच असतं. सेवेतल्या नेहमीच्या ९ मिमी पिस्तुलात ते १६५ मिलिमीटरच्या आसपास भरतं.

प्रत्येक नव्या तुकडीला मी फळ्यावर एक गणित मांडून दाखवते. फोरसाइट बॅकसाइटच्या खाचेत फक्त १ मिलिमीटर बाजूला सरकली, तर २५ मीटरवर गोळी किती सरकेल? उत्तर येतं सुमारे १५ सेंटिमीटर. छातीवर धरलेला नेम दंडाला लागेल किंवा मोकळा जाईल. आता १० मीटरचं एअर पिस्तूल घ्या. त्याच्या दोन साइटमधलं अंतर ३२० मिलिमीटर धरलं, तर तेवढ्याच चुकीला छर्रा ३ सेंटिमीटर सरकतो. पण तिथे दहा गुणांचं वर्तुळच ११.५ मिलिमीटर व्यासाचं आहे! तो छर्रा सात गुणांच्या कडेला जाऊन बसतो. अशा ६० फैरी सव्वा तासात मारायच्या असतात आणि देशपातळीवर टिकायचं असेल तर सात गुण परवडत नाहीत.

मात्र १ मिलिमीटरची ही चूक डोळ्यामुळे क्वचितच होते. ती बोटामुळे होते. ट्रिगर दाबताना अख्खी मूठ आवळली जाते आणि नळीचं तोंड हलतं. म्हणून कोणतंही पिस्तूल हातात आलं की मी कंपनी, मॉडेल, दिसणं सगळं बाजूला ठेवते आणि दोनच गोष्टी बघते. ट्रिगर किती जोर मागतो आणि पिस्तुलाचं स्वतःचं वजन किती आहे? वजनाच्या मानाने जोर जितका जास्त, तितकी नळी हलण्याची शक्यता जास्त.

या एका मापाने सगळे प्रकार ओळीने उभे करता येतात. १० मीटर एअर पिस्तुलाचा ट्रिगर नियमाप्रमाणे किमान ५०० ग्रॅमचा असतो आणि पिस्तुलाचं वजन साधारण किलोभर. म्हणजे जोर वजनाच्या निम्मा. २५ मीटरच्या .२२ पिस्तुलाला किमान १,००० ग्रॅमचा ट्रिगर आणि जास्तीत जास्त १,४०० ग्रॅम वजन चालतं. ग्लॉकसारख्या सेवेतल्या पिस्तुलाचा ट्रिगर अडीच किलोच्या आसपास आणि भरलेलं पिस्तूल किलोच्या आत, म्हणजे जोर वजनाच्या अडीच पटींहून अधिक. आणि हॅमर न ओढता थेट ट्रिगरवर चालवलेलं रिव्हॉल्व्हर? पाच किलो किंवा त्याहून जास्त जोर आणि हत्यार किलोच्या आतलं. विहिरीतून भरली बादली एका बोटाने वर ओढायची आणि ओढताना मनगट तसूभरही हलू द्यायचं नाही, असं हे काम आहे.

सहा घरांतला एक ड्रिल राऊंड

शिकाऊ तुकडीतली एक मुलगी मला कायम आठवते. उंचीने बेताची, हात लहान, पण धावण्यात पुढे. रिव्हॉल्व्हरवर मात्र तिच्या सगळ्या गोळ्या टारगेटच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात जायच्या. "मॅडम, माझा नेमच वाईट आहे," असं म्हणून तिने मनातून हार मानली होती.

मी तिच्या रिव्हॉल्व्हरच्या सहा घरांत चार खरे राऊंड आणि दोन ड्रिल राऊंड, म्हणजे न उडणारे नकली राऊंड, भरले, चरखी फिरवून बंद केली आणि तिच्या हातात दिलं. कोणत्या घरात काय आहे हे तिला ठाऊक नव्हतं. पहिले दोन बार उडाले. तिसऱ्याला हॅमर ड्रिल राऊंडवर पडला, नुसता टक् असा आवाज झाला, आणि त्याच क्षणी नळीचं तोंड इंचभर खाली गेलेलं तिनेच पाहिलं. धक्का बसणार या धास्तीने हात आधीच खाली दाबला जात होता. शिवाय तिच्या बोटाचं जेमतेम टोक ट्रिगरवर पोहोचत होतं, त्यामुळे ओढताना हत्यार डावीकडे वळत होतं. नेमात काहीच खोट नव्हती.

त्यानंतर तिला ९ मिमी पिस्तूल दिलं, रोज ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे गोळी न भरता सराव, करायला लावली. फोरसाइटवर रिकामी पुंगळी उभी ठेवायची आणि ती न पाडता ट्रिगर दाबायचा. हळूहळू तिच्या गोळ्यांचा ग्रुप वर सरकत टारगेटच्या मधोमध आला. महाराष्ट्र पोलीस भरतीत महिलांना ३० टक्के आरक्षण आहे. असे हात प्रत्येक तुकडीत असतात, आणि लहान हाताचे पुरुषही असतात. हत्याराची निवड त्यांना वगळून करता येणार नाही.

खेळात मोकळीक आणि मर्यादा

खेळाचं पिस्तूल पहिल्यांदा पाहणारा चकित होतो. अक्रोडाच्या लाकडाची मूठ अशी कोरलेली असते की बोटांच्या खाचा ठरलेल्या, तळहाताखाली वरखाली करता येणारी पट्टी, अंगठ्याला टेकायला जागा. नेमबाज ती मूठ पॉलिश पेपरने घासतो, जिथे पोकळी राहिली तिथे पुट्टी भरतो आणि हात रोज त्याच जागी, त्याच कोनात बसेपर्यंत हे चालू ठेवतो. दुसऱ्याने ते पिस्तूल उचललं तर त्याच्या हातात ते बसतही नाही.

या मोकळिकीला नियमांचं कुंपण आहे. एअर पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या खोक्यात मावलं पाहिजे, वजन १,५०० ग्रॅमच्या आत हवं, मूठ मनगटाला आधार देणारी नको. स्पर्धेआधी ट्रिगरची परीक्षा होते. नळी उभी धरून ट्रिगरला ठरलेलं वजन अडकवतात आणि पिस्तूल वर उचलतात. वजन जमिनीवरून सुटलं आणि ट्रिगर सुटला नाही, तरच पिस्तूल पास. पूर्वी ५० मीटर पिस्तूल प्रकारात ट्रिगरच्या वजनाला मर्यादाच नव्हती आणि मूठ जवळपास सगळा हात वेढून घ्यायची. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकनंतर हा प्रकार ऑलिंपिकमधून गेला.

आज खेळातला खरा वाद यांत्रिक आणि इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचा आहे. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर प्रत्येक वेळी तंतोतंत सारखा सुटतो, झिजत नाही, आणि घरी सरावाला सोपा पडतो. यांत्रिक ट्रिगरला बॅटरी लागत नाही आणि बिघाड झाला तर तो डोळ्यांना दिसतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये २५ जुलै २०२१ रोजी मनू भाकरच्या एअर पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला. दुरुस्तीत वेळ गेला, लय तुटली. तिने तरीही ५७५ गुण केले आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तीच मनू २८ जुलै २०२४ ला पॅरिसमध्ये याच प्रकारात कांस्य जिंकली आणि पुढे सरबज्योत सिंगबरोबर मिश्र गटातही. टोकियोतून शिकण्यासारखं हे की दुसरं पिस्तूल तयार असावं, त्याची मूठ पहिल्यासारखीच असावी, आणि त्याच्यावरही नियमित सराव झालेला असावा.

पॅरिसमध्येच तुर्कस्तानचा युसूफ दिकेच साधा चष्मा लावून, एक हात खिशात घालून रौप्य जिंकून गेला आणि जगभर त्याचा फोटो फिरला. "बघा, काही लागत नाही!" असं अनेकांनी मला ऐकवलं. पण त्याच्या हातात पूर्ण स्पर्धेचं एअर पिस्तूल होतं, कोरलेल्या मुठीचं आणि हलक्या ट्रिगरचं. खिशातला हातही शरीर स्थिर ठेवण्याची जुनी रीत आहे. बहुतेक सगळे नेमबाज मोकळा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवतात.

२५ मीटर महिला पिस्तुलाचा दुसरा टप्पा मला सर्वांत जवळचा. हात ४५ अंशांत खाली, दिवा हिरवा झाला की हात उचलायचा आणि ३ सेकंदांत एक गोळी. मग ७ सेकंद थांबा, पुन्हा तेच. इथे नळी हाताच्या जितकी जवळ आणि खाली, तितकी गोळीनंतरची उसळी कमी. म्हणून या पिस्तुलांचं मॅगझीन मुठीच्या पुढे बसवलेलं दिसतं आणि नळी पार खाली उतरलेली. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत याच प्रकारात शूट-ऑफ खेळून सुवर्ण जिंकलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. शूट-ऑफमध्ये तीच तीन सेकंदं पुन्हा पुन्हा येतात, आणि तेव्हा सरावाने मुरलेला हातच टिकतो.

कमरेवरचं पिस्तूल

सेवेतल्या पिस्तुलाला ही ऐट परवडत नाही. ते पावसात भिजतं, घामाने गंजतं, महिनोन्‌महिने कमरेला नुसतं बसून राहतं आणि एखाद्या रात्री दोन सेकंदांत चालावं लागतं. शस्त्रागारात आम्ही फुलतरूला, म्हणजे नळी साफ करायच्या दोरीला, चिंदी बांधून ती नळीतून ओढतो, तेव्हा किती हत्यारांची निगा खरोखर होते हे चिंदीचा रंग सांगतो. मॅगझीनच्या वरच्या कडा थोड्या वाकल्या तरी राऊंड चेंबरमध्ये नीट चढत नाही. पिस्तूल अडकलं की लोक पिस्तुलाला दोष देतात. मी आधी मॅगझीन तपासते.

रिव्हॉल्व्हरचे कैवारी म्हणतात, मॅगझीनच नाही तर अडकणार काय? बार उडाला नाही तर पुन्हा ट्रिगर दाबा, पुढचं घर समोर येतं. हे खरं आहे, आणि अनेक वर्षं पोलीस ठाण्यांनी याच भरवशावर .३८ वापरलं. पण सहा राऊंड संपले की पुन्हा भरायला वेळ लागतो, आणि तो पाच किलोचा ट्रिगर सराव नसलेल्या हाताला साथ देत नाही.

दुसऱ्या बाजूला जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराचा वारसा आहे. त्याचं .४५ चं कोल्ट पिस्तूल मार्च १९११ मध्ये सलग ६,००० राऊंडच्या चाचणीत एकदाही अडकलं नाही आणि अमेरिकी सैन्याने ते स्वीकारलं. १९८५ पर्यंत तेच त्यांचं मुख्य पिस्तूल होतं. त्याचा ट्रिगर सरळ मागे सरकतो, छोटा आणि स्वच्छ. खेळाडू आजही त्यावर जीव टाकतात ते यासाठी. ब्राउनिंगने सुरू केलेलं आणि त्याच्या मृत्यूनंतर बेल्जियमच्या द्यूदोने सेव्हने पूर्ण केलेलं हाय-पॉवर १९३५ मध्ये आलं. ९ मिमीचे १३ राऊंड दोन ओळींत मावतील असं मॅगझीन हे त्याचं वैशिष्ट्य. आपल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणारं ९ मिमी ऑटो पिस्तूल त्याच घराण्यातलं. हातात भरीव, बसायला सुरेख. पण पहिल्या गोळीसाठी हॅमर कॉक असावा लागतो. आमच्या शिकवणीप्रमाणे चेंबर रिकामा ठेवला तर आधी स्लाइड ओढायची, आणि एक हात जखमी असेल किंवा कुणाला धरण्यात गुंतला असेल तर ते जमत नाही. चेंबर भरून, हॅमर कॉक करून, सेफ्टी लावून नेलं तर घाईत सेफ्टी काढायची राहून जाते.

१९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने गास्टन ग्लॉक यांचं पिस्तूल निवडलं. पॉलिमरची बॉडी, १७ राऊंड, बाहेर दिसणारी सेफ्टी नाही, आणि पहिल्या गोळीपासून शेवटच्या गोळीपर्यंत ट्रिगर तोच. शिकवणाऱ्याला या शेवटच्या गुणाचं मोल कळतं. एकच हालचाल शिकवायची आणि तीच पक्की करून घ्यायची. त्याची जोखीमही मी लपवत नाही. ग्लॉक उघडून साफ करायच्या आधी ट्रिगर दाबावा लागतो. चेंबर न तपासता कुणी दाबला तर बार उडणारच. म्हणून मॅगझीन काढा, स्लाइड ओढा, चेंबरमध्ये डोळ्याने पाहा, मग बोट घालून पाहा. हा क्रम मी प्रत्येकाकडून मोठ्याने म्हणवून घेते.

मायामीत काय घडलं

पिस्तूल ठरलं की गोळी केवढी, हा प्रश्न येतो. ११ एप्रिल १९८६ ला अमेरिकेतल्या मायामीत एफबीआयचे एजंट आणि दोन दरोडेखोर यांच्यात भर रस्त्यात चकमक झाली. दोन एजंट मारले गेले, पाच जखमी झाले. बहुतेकांकडे रिव्हॉल्व्हर होती. हाताला गोळी लागलेल्या एका एजंटला आपलं रिव्हॉल्व्हर पुन्हा भरता येईना. एका दरोडेखोराला लागलेली ९ मिमीची गोळी हृदयापर्यंत पोहोचण्याआधी थांबली होती. त्यावरून मोठी गोळी हवी असा आग्रह सुरू झाला.

एफबीआयने १० मिमीचं पिस्तूल घेतलं. त्याचा धक्का अनेक एजंटांना झेपेना. मग १९९० मध्ये बाजारात आलेल्या .४० कॅलिबरकडे दल वळलं. पुढे पाव शतकाने ते पुन्हा ९ मिमीवर आलं. दरम्यान गोळ्यांची बनावट सुधारली होती, आणि मुख्य म्हणजे बहुसंख्य एजंट ९ मिमीने जास्त अचूक आणि जास्त वेगाने मारत होते. जगातल्या एका श्रीमंत दलाला मोठी गोळी, मध्यम गोळी करत शेवटी माणसाच्या हाताकडेच यावं लागलं. ज्या गोळीचा धक्का सोसत नाही तिचा सराव माणूस टाळतो, आणि सराव नसलेल्या हाताने मारलेली मोठी गोळी भिंतीतच जाते.

माझा कौल

सेवेसाठी माझा कौल ९ मिमीला, पॉलिमरच्या, बाहेरची सेफ्टी नसलेल्या, सारख्या ट्रिगरच्या पिस्तुलाला आहे, आणि मुठीचा मागचा भाग हाताप्रमाणे बदलता आलाच पाहिजे. अमेरिकी सैन्याने जानेवारी २०१७ मध्ये निवडलेल्या पिस्तुलाची मूठ तीन मापांत मिळते. ग्लॉकच्या २०१० नंतरच्या पिढ्यांतही मुठीच्या पाठीचे जोड बदलता येतात. ही सोय चैन समजून टाळू नये. बुटाचं माप घेतो तसं हत्यार देताना हाताचं माप घ्यावं: मूठ नीट धरल्यावर बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर सपाट टेकतं की नाही, इतकं पाहिलं तरी पुरे. जिथे अजून जुनी रिव्हॉल्व्हर आहेत तिथेही रोज दहा मिनिटांची ड्राय प्रॅक्टिस फुकट करता येते. वर्षातून एकदा चांदमारीला नेऊन मोजके राऊंड मारून घेणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. नव्या हत्यारांच्या खरेदीबरोबर सरावाच्या राऊंडची तरतूद नसेल, तर ती खरेदी मी अपुरी मानते.

स्वतःच्या घरासाठी पिस्तूल घ्यावं का, असं विचारणाऱ्यांना मी कायद्याची आठवण करून देते. ९ मिमी सामान्य नागरिकाला परवान्यावरही मिळत नाही, म्हणून घराघरांत ३२ बोअर दिसतं. कपाटात वर्षानुवर्षं पडलेलं, कधीच न चालवलेलं ते हत्यार घरच्यांनाच जास्त धोक्याचं ठरू शकतं.

आणि मुलामुलींच्या पालकांना इतकंच सांगते: पहिल्या वर्षी पिस्तूल विकत घेऊ नका. परदेशी एअर पिस्तुलाची किंमत लाखाच्या पुढे जाते, आणि वाढत्या वयाच्या हाताची मूठ वर्षभरात बदलते. बालेवाडीच्या किंवा वरळीच्या रेंजवर जा, जवळच्या क्लबमध्ये जा, क्लबचं पिस्तूल वापरू द्या. किलोभर वजन सरळ हाताने पेलायची ताकद खांद्यात येऊ द्या. घरी भिंतीवर पांढरा कागद लावून, छर्रा न भरता, फक्त साइट आणि ट्रिगर यांवर लक्ष ठेवून सराव होऊ द्या. प्रशिक्षकाला मूठ तुमच्या मुलीच्या हातावर बसवायला सांगा आणि ती मूठ दर काही महिन्यांनी पुन्हा तपासा. वर्षानंतरही ती स्वतःहून सरावाला निघत असेल, तर तिचा हात घेऊनच दुकानात जा. कोणतं पिस्तूल चांगलं, हे तिथे तिचा हातच ठरवेल.